हृदयगती-मंदक औषधे : हृदयस्नायू विकारातील उपयोग

हृदयस्नायू विकारात (कार्डिओमायोपॅथी) नाडीची गती उतरवण्यासाठी बीटा ब्लॉकर (अ‍ॅड्रेनॅलिनचा हृदयावरील परिणाम रोखणारी), व्हेरापामिल आणि आयव्हाब्रॅडिन ही औषधे प्रामुख्याने वापरतात. ठोके मंदावले की हृदयाचा शिथिलनकाळ वाढतो, डावी जवनिका (शरीराला रक्त पुरवणारा कप्पा) नीट भरते आणि हृदयस्नायूला रक्त मिळण्यास अवधी मिळतो.

बीटा ब्लॉकर आकुंचनाचा जोर कमी करतात, म्हणून दुर्बळ हृदयाला ते दीर्घकाळ वर्ज्य मानले जात. १९७५ मध्ये स्वीडनमधील वॉगस्टीन व सहकाऱ्यांनी विस्फारित प्रकारच्या (हृदय फुगून दुर्बळ झालेल्या) ७ रुग्णांत बीटा ब्लॉकरांनी सुधारणा झाल्याचे नोंदवले. त्याला सर्वमान्यता मिळाली ती १९९० च्या दशकातील मोठ्या चाचण्यांनंतर.

आयव्हाब्रॅडिन हृदयपेशींतील ज्या विद्युतप्रवाहाला अडवते त्याच्या स्वरूपाविषयी बराच वाद झाला. पर्किंजे तंतूंत (हृदयातील विद्युतसंदेश वाहणाऱ्या तंतूंत) दिसणारा हा प्रवाह आधी पोटॅशियमचा समजला जाई. १९७९ मध्ये ब्राउन, डीफ्रान्सेस्को व नोबल यांनी सायनस गाठीतील (ठोके सुरू करणाऱ्या हृदयाच्या भागातील), अ‍ॅड्रेनॅलिनने वाढणारा आत येणारा प्रवाह वर्णिला. त्याच्या चमत्कारिक वागण्यामुळे त्याला ‘फनी करंट’ म्हणतात. पर्किंजे तंतूंतील प्रवाह हाच असल्याचे डीफ्रान्सेस्को यांनी पुढे दाखवले. ठोक्याचा मूळ चालक मात्र पेशीतील साठ्यातून लयबद्ध सुटणारे कॅल्शियम आहे, असे संशोधक लकाटा व त्यांचे सहकारी मानतात. आयव्हाब्रॅडिनने गती मंदावते, पण थांबत नाही. त्यामुळे दोन्ही यंत्रणा परस्परांवर अवलंबून आहेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

आयव्हाब्रॅडिनच्या परिणामकारकतेचा मुख्य आधार म्हणजे २०१० ची ‘शिफ्ट’ चाचणी. तीत ६,५०० हून अधिक रुग्ण होते : सायनस लय, गती मिनिटाला ७० किंवा अधिक, इजेक्शन फ्रॅक्शन (प्रत्येक ठोक्याला डाव्या जवनिकेतील रक्ताचा बाहेर फेकला जाणारा वाटा) ३५ टक्के किंवा कमी. हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदय अकार्यक्षमतेसाठी इस्पितळात भरती, या एकत्रित जोखमीत १८ टक्के घट आढळली. एकूण मृत्युप्रमाणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. अनेकांना बीटा ब्लॉकरचा पूर्ण डोस मिळत नव्हता, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून आयव्हाब्रॅडिन पर्याय नव्हे, पूरक समजावे. हृदय अकार्यक्षमता नसलेल्या हृद्‌रोहिणी-विकाराच्या रुग्णांत २०१४ च्या ‘सिग्निफाय’ चाचणीत लाभ दिसला नाही. विस्फारित प्रकार असलेल्या ११६ मुलांच्या चाचणीत गती उतरली व इजेक्शन फ्रॅक्शनही सुधारले.

प्रौढांत आयव्हाब्रॅडिनचा डोस सहसा ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करतात. विश्रांतीतील नाडी ६० च्या वर राहिल्यास तो ७.५ पर्यंत वाढवतात, ५० च्या खाली गेल्यास २.५ वर आणतात. या औषधाने काहींना उजेड एकाएकी बदलला की दृष्टिक्षेत्राच्या एखाद्या भागात लख्ख चमक दिसते. डोळ्याच्या पडद्यातही तशाच आयन-वाहिन्या असल्याने हे घडते आणि बहुधा आपोआप ओसरते. अतिमंद नाडी व एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) हे अधिक गंभीर धोके. फिब्रिलेशन कायमचे असल्यास औषध निरुपयोगी ठरते, कारण तेव्हा ठोक्याची सूत्रे सायनस गाठीकडे नसतात. क्लॅरिथ्रोमायसिन, किटोकोनॅझोल यांसारख्या औषधांनी आयव्हाब्रॅडिनची रक्तातील पातळी वाढते. ती सोबत देत नाहीत. गर्भावस्थेतही हे औषध वर्ज्य आहे.

अतिवृद्ध प्रकारात (हृदयस्नायू जाड झालेला असताना) बीटा ब्लॉकर प्रथम, ते न सोसल्यास व्हेरापामिल. मात्र हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तमार्गातील अडथळा तीव्र असून रक्तदाब कमी असेल तर व्हेरापामिल घातक ठरू शकते. अ‍ॅमिलॉइड (एक विकृत प्रथिन) साठून ताठर झालेल्या हृदयात प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त वाढू शकत नाही, रक्तपुरवठा गतीवरच टिकून असतो. तेथे नाडी उतरवणे अपायकारक ठरू शकते.