रिकाम्या घरात पावलं कुणाची वाजतात?

गेल्या आषाढात घरचे सगळे पंढरपूरला गेले होते आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात मी एकटाच होतो. बाहेर दोन दिवस उघडीप नव्हती. रात्री लॅपटॉपवर ‘रिपल्शन’ लावला. रोमन पोलान्स्कीचा १९६५ चा कृष्णधवल सिनेमा. बहीण सुट्टीवर गेल्यामुळे लंडनच्या फ्लॅटमध्ये एकटी राहिलेली कॅरोल, बस्स. भूत नाहीच. घड्याळाची टिकटिक आहे, शिजवायला काढलेला ससा तसाच कुजत पडलाय. भिंतींना तडे जातात, मग बोळातल्या भिंतींमधून हात बाहेर येतात.

सिनेमा संपला, दिवा मालवला आणि मोरीतून आवाज आला. टप्... टप्. नळाचा वॉशर गेलाय हे मला महिनाभर ठाऊक होतं. तरी त्या रात्री ती कुणाची तरी ओली पावलंच होती.

हे नुसतं भित्रेपण नाही. डोळे-कान काय सांगतात याची वाट बघत मेंदू बसून राहत नाही. तो आधी अंदाज बांधतो आणि मग येणाऱ्या माहितीशी ताडून बघतो. माहितीच तुटपुंजी झाली, की अंदाज खरा वाटायला लागतो. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांच्या गटानं विद्यार्थ्यांना रोज २० डॉलर देऊन नुसतं पडून राहायला सांगितलं. डोळ्यांवर धुरकट चष्मा, हातांवर पुठ्ठ्याची नळकांडी, कानाशी यंत्राची एकसुरी घरघर. पैसे बरे होते, तरी बहुतेकजण दोन-तीन दिवसांत उठले. आधी ठिपके आणि रेघा दिसल्या, पुढे चित्रंच्या चित्रं. एकाला तर पाठीवर पोती टाकून बर्फातून निघालेली खारींची रांग दिसली!

म्हणून मला वाटतं, चांगला भयपट भूत दाखवत नाही, तो माहिती काढून घेतो. ‘द शायनिंग’मध्ये (१९८०) रिकाम्या हॉटेलात लहानगा डॅनी तीनचाकी फिरवतो. लाकडी फरशीवर चाकं खडखडतात, गालिचा आला की आवाज बंद. पुन्हा फरशी, पुन्हा खडखड. त्या मधल्या शांततेत आपला कान पुढे धावतो आणि भीती आपणच तयार करतो.

पण कॅरोल मला जास्त छळते, कारण ती माणसांत असते. ब्युटी पार्लरमध्ये दिवसभर बायकांची नखं रंगवते. एकटं असणं वेगळं आणि एकाकी वाटणं वेगळं. पन्हाळ्याच्या धुक्यात एकटा फिरणारा मजेत असू शकतो, आणि दहा माणसांच्या घरात, पंगतीत बसलेली सून आतून पार तुटलेली असू शकते. शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी अनेक वर्षं याचा अभ्यास केला. त्यांच्या मते एकाकीपणा भुकेसारखा आहे, माणसांकडे परत जा म्हणून शरीर देत असलेली हाक. टोळीपासून तुटलेल्या आदिमानवाला रात्री राखणारं कुणी नसायचं, म्हणून त्याचा मेंदूच पहाऱ्याला बसायचा. तो पहारेकरी अजून आपल्यात आहे. एकाकी माणसाची झोप रात्रीत पुन्हा पुन्हा तुटते, समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग त्याला लवकर दिसतो, साध्या बोलण्यातही टोमणा ऐकू येतो. मग तो आणखी आत सरकतो. कॅरोल दारासमोर सामान रचते, तेव्हा मला हाच पहारेकरी दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकजण एकाकी आहे.

त्या रात्री एक वाजून गेला असेल. मी उठून बोळातला दिवा लावला. पलीकडच्या खिडकीतून शेजारच्या आजींचा आवाज आला, “झोपला न्हाईस व्हय रं अजून?”

“न्हाई आजी, झोप येईना.”

“नळ गळतोय बघ तुझा. बादली लाव खाली.”

बादली लावली. थेंब पडतच होते, पण आता ते नळाचे थेंब होते. पंधरा-वीस मोजले असतील, मग झोप लागली.