फोन टॅपिंग : १८८५ च्या कायद्यातले दोन शब्द

देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारेचा कायदा मात्र १८८५ चा, आणि मोबाइलवरचं बोलणंही सरकार त्यानंतर कित्येक वर्षं त्याच्याच कलम ५(२) खाली ऐकत राहिलं. ‘सार्वजनिक आणीबाणी’ असेल किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितते’साठी गरज असेल तरच ऐकता येईल, ही मूळ अट. सार्वजनिक सुरक्षितता म्हणजे काय, ते कायद्यानं सांगितलंच नाही.

या वादातला मुंबईचा मलकानी खटला जुना. १९६४ मध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर एक रुग्ण दगावला. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरच्या सोयीचा अहवाल देण्यासाठी शहराच्या कॉरोनरनं, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, मलकानी यांनी, पैसे मागितले, असा आरोप झाला. लाचलुचपतविरोधी पोलिसांनी दुसऱ्या एका डॉक्टरच्या फोनला, त्याच्या संमतीनं, टेपरेकॉर्डर जोडला आणि कॉरोनरशी झालेलं बोलणं टिपलं. सर्वोच्च न्यायालयानं ती टेप ग्राह्य धरली. निरपराध नागरिकाच्या बोलण्याला आम्ही जपू, दोषी माणसाला ते संरक्षण नाही, असंही म्हटलं. (दोषी कोण हे चोरून ऐकल्यावरच ठरणार, तर मग जपणार कुणाला?)

‘सार्वजनिक सुरक्षितता’ या शब्दांचा अर्थ लावला गेला तो थेट डिसेंबर १९९६ मध्ये, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर. धोका जनतेला असावा आणि तो कुणाही समंजस माणसाला उघड दिसावा, असं न्यायालयानं सांगितलं. आदेश गृहसचिवांचा, मुदत दोन महिन्यांची, फार तर सहा. आधी न्यायाधीशाची परवानगी घ्यायची अट मात्र घातली नाही.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. त्याचा परिणाम दोन वर्षांनी मुंबई उच्च न्यायालयात दिसला. दहा लाखांच्या कथित लाचेसाठी एका व्यावसायिकाचे फोन ऐकायचे तीन आदेश निघाले होते. लाच वाईटच, पण त्यात जनतेच्या सुरक्षिततेला कसला धोका, असं म्हणत न्यायालयानं तिन्ही आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं.

२०२३ च्या दूरसंचार कायद्यानं जुना कायदा मोडीत काढला, पण ते शब्द तसेच उचलले. आदेश तपासणाऱ्या समितीत आजही सगळे सचिवच बसतात. ज्याचं बोलणं ऐकलं, त्याला नंतरही कळवायची तरतूद नाही.