फ्रेंचमध्ये ‘पुढे काय ठरवलंय?’ कसं विचाराल

आमच्या वर्गाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी

आपण ओळखीच्या पोराला ‘तुझ्या जीवनाचं ध्येय काय?’ असं विचारत नाही. ‘पुढे काय करायचं ठरवलंयस?’ म्हणतो. फ्रेंचांचंही तसंच आहे. पाठ्यपुस्तकी ‘केले तों ब्यू दाँ ला वी?’ व्याकरणात चोख असलं, तरी पहिल्या भेटीत ते फार जड वाटतं. रोजच्या बोलण्यात विचारतात:

‘त्यू वे फेर क्वा प्ल्यू तार?’

यातला ‘वे’ म्हणताना तोंडात ए ठेवा आणि ओठांचा चंबू करा. ‘त्यू’साठी ई म्हणता म्हणता तोच चंबू. आरशासमोर केलंत तर लवकर जमतं, घरचे हसतील ते सोडा.

हाच प्रश्न थोडा नीटस हवा असेल तर ‘केस्क त्यू वे फेर प्ल्यू तार?’. मोठ्या माणसाला ‘वू-झावे दे प्रोझे पूर लाव्नीर?’ म्हणजे पुढचे काही बेत आहेत का. ‘प्रोझे’ हा शब्द पक्का करून ठेवा. फ्रान्समधली कॉलेजं प्रवेशाच्या वेळी हमखास तुमचा ‘प्रोझे प्रोफेसिओनेल’ विचारतात, म्हणजे शिकून पुढे कुठलं काम करणार ते. नोकरीच्या मुलाखतीत ऐकू येईल ‘केल सों वो-झॉबझेक्टीफ?’, म्हणजे तुमची उद्दिष्टं काय. इथे जोडून येणारा पहिला झ ‘झाड’मधला, दुसरा ‘मेझर’मधला.

आता ‘त्यू’ की ‘वू’? आपल्या तू-तुम्हीवर सगळं सोपवू नका. आपल्याकडे अनेक घरांत आईला ‘अगं’ आणि बाबांना ‘अहो’ असतं. तिकडे बहुतेक घरांत दोघांनाही ‘त्यू’. उलट दुकानातला विशीतला मुलगा तुमच्याहून लहान असला तरी अनोळखी, म्हणून ‘वू’. ओळख वाढली की समोरचाच म्हणतो, ‘ओं पे स त्युत्वाये?’, म्हणजे अरे-तुरे चालेल का. तोवर ‘वू’ धरून ठेवा.

उत्तर देताना आमची मुलं एकाच ठिकाणी अडखळतात. ‘मला डॉक्टर व्हायचंय’ हे ‘झेमरे दवनीर मेदसँ’. ‘मेदसँ’च्या आधी ‘अँ’ लावायचा नाही. तो इंग्रजीतल्या ‘अ डॉक्टर’मुळे तोंडात येतो. मराठीत आपण ‘एक डॉक्टर व्हायचंय’ म्हणत नाही, तेव्हा इथे मराठीतूनच विचार केलेला बरा. ‘झेमरे’नंतर क्रियापद मूळ रूपातच राहतं, ते चालवायला जाऊ नका.

ऐकून घेतल्यावर नुसतं ‘पूर्क्वा?’, म्हणजे ‘का?’, विचारलंत तर उलटतपासणी घेतल्यासारखं होतं. त्यापेक्षा ‘केस्की वू-झातीर दाँ स मेत्ये?’, म्हणजे या कामातलं काय आवडतं. आणि कुणी तुम्हाला विचारलं, तर उत्तराच्या शेवटी ‘ए वू?’ (आणि तुम्ही?) किंवा ‘ए त्वा?’ (आणि तू?) जोडायला विसरू नका.

डेल्फ बी १ ही फ्रेंचची परीक्षा देणाऱ्यांसाठी: तोंडी परीक्षेचा पहिला भाग दोन-तीन मिनिटांचा असतो आणि तयारीला वेळ मिळत नाही. त्यात स्वतःबद्दल, आधी काय केलं आणि पुढचे बेत काय, हे बोलायचं असतं. आपल्या बेतांवर पाचच ओळी लिहून आणा. वर्ग सुटल्यावर थांबलात तर तपासून देतो, त्याची वेगळी फी नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या ओळी मात्र आणू नका. परीक्षकाने एक उपप्रश्न टाकला की त्या तिथेच संपतात.