अटक वॉरंट आणि केपिअस: टेक्सासच्या ग्रामीण काउंटीत कोणती नोंद कुठे शोधावी

टेक्सासमधली मराठी कुटुंबे लांबच्या सुटीत बिग बेंड राष्ट्रीय उद्यानाकडे निघतात, तेव्हा पश्चिमेच्या बाजूला आय-10 महामार्गावर ताशी 80 मैलांची मर्यादा असलेला सरळ रस्ता लागतो, आणि तो सोडून एखाद्या लहान गावात शिरताना मर्यादा एकदम उतरल्याचे ध्यानात आले नाही की मागे पोलिसांचे दिवे दिसू लागतात. हाती पडलेला दंडाचा कागद घरी आल्यावर ड्रॉवरमध्ये जातो, आणि वर्ष-दोन वर्षांनी लायसन्सचे नूतनीकरण अडले की घाबऱ्या आवाजात फोन येतो: ‘माझ्या नावावर वॉरंट असेल का हो, आणि असले तर ते पाहायचे कुठे?’ असे फोन मला बरेच आले आहेत. प्रत्येक वेळी मी आधी एकच गोष्ट विचारतो, की आपण कोणत्या वॉरंटबद्दल बोलतो आहोत; कारण या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी नांदतात, त्यांचा उगम वेगळा आहे आणि त्यांच्या नोंदीही वेगळ्या दारी मिळतात.

पहिली गोष्ट म्हणजे खरे अटक वॉरंट. गुन्हा घडल्याची माहिती पोलीस अधिकारी किंवा तक्रारदार शपथेवर लिहून देतो, त्या शपथपत्रातून संशयाला पुरेसे कारण दिसते असे मॅजिस्ट्रेटला वाटले की तो सही करतो, आणि मग त्या माणसाचा शोध सुरू होतो. अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौथी दुरुस्ती 1791 पासून हीच अट घालून बसली आहे. त्या क्षणी बहुधा न्यायालयात खटलाच उभा नसतो, त्यामुळे कोणत्याही खटल्याच्या यादीत नाव शोधून काही हाती लागत नाही.

दुसरी गोष्ट न्यायालयाच्या पोटातून जन्मते. खटला आधीच दाखल आहे, आरोपी जामिनावर सुटला आहे किंवा त्याने हजर राहण्याचे लेखी वचन दिले आहे, आणि तारखेला तो आला नाही. अशा वेळी न्यायाधीश त्याला पकडून आणण्याचा जो हुकूम काढतो त्याला बोलीभाषेत बेंच वॉरंट म्हणतात, आणि टेक्सासच्या कायद्यात त्याचे नाव केपिअस असे आहे. निकाल लागूनही दंड भरला नाही तर निघणारा हुकूम केपिअस प्रो फाइन म्हणून ओळखला जातो. आपल्याकडे समन्स मिळूनही तारखेला न गेलेल्या माणसावर कोर्ट जे पकड वॉरंट काढते, त्याच्याशी हे पुष्कळ जुळते.

इथे नावावर विसंबू नये. वेगमर्यादेच्या प्रकरणात माणूस पहिल्याच तारखेला गैरहजर राहिला, तर जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे लहान प्रकरणे पाहणारा स्थानिक न्यायाधीश, याच्या कोर्टातून निघणाऱ्या कागदावर ‘अटक वॉरंट’ असेच छापलेले असू शकते. तरीही ते कोर्टाच्या फाइलमधून निघालेले असते, म्हणून शोधाच्या दृष्टीने मी त्याला वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारातच धरतो. कागदाचे शीर्षक बाजूला ठेवून तो निघण्यापूर्वी कोर्टात खटला होता की नव्हता एवढे विचारले, की बहुतेक गोंधळ मिटतो.

हा भेद इतका महत्त्वाचा का, ते नोंदींच्या खुलेपणावरून कळते. टेक्सासच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 15.26 सांगते की अटक वॉरंट आणि त्यामागचे शपथपत्र ही सार्वजनिक माहिती आहे, आणि वॉरंट बजावले गेल्याबरोबर मॅजिस्ट्रेटच्या क्लर्कने त्याची प्रत कार्यालयीन वेळेत लोकांना पाहण्यासाठी ठेवायची आहे. ‘बजावले गेल्याबरोबर’ या शब्दांत सगळा अर्थ आहे. अटक होण्याआधी ते दाखवले तर आरोपी पळून जाईल, म्हणून तोवर ते झाकलेले राहते. शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयाकडे सार्वजनिक माहिती कायद्याखाली अर्ज करता येतो, आणि माहिती रोखायची असल्यास त्या कार्यालयाला साधारणपणे दहा कामकाजी दिवसांत राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे, म्हणजे मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे, निर्णय मागावा लागतो, परंतु चालू तपासाची माहिती रोखण्याची मुभा त्याच कायद्यात आहे. न्यायालयांना हा कायदा लागू नाही. तिथली फाइल पाहण्याचा हक्क वेगळ्या, जुन्या परंपरेतून आलेला आहे, आणि गैरहजेरीचा हुकूम त्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. याला एक मोठा अपवाद आहे. ग्रँड ज्युरीने, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, गंभीर गुन्ह्याचा आरोप ठेवल्यावर निघणारा केपिअस, आरोपी ताब्यात येईपर्यंत बाहेरच्या माणसाला दिसत नाही.

आता प्रत्यक्ष शोधाकडे येऊ. टेक्सासमध्ये 254 काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत. 2020 च्या जनगणनेत लव्हिंग काउंटीत अवघी 64 माणसे मोजली गेली, तर बिग बेंड ज्या ब्रूस्टर काउंटीत आहे ती क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठी असूनही तिची वस्ती सुमारे साडेनऊ हजारच होती. अशा ठिकाणी शहरासारखी ऑनलाइन शोधाची सोय मिळेलच असे गृहीत धरू नये. न्यायालयीन नोंदी शोधण्याचे राज्यपातळीवरचे रीसर्च-टीएक्स हे संकेतस्थळ उपयोगी आहे खरे, परंतु ग्रामीण जस्टिस कोर्टातल्या लहान दंडाच्या प्रकरणांसाठी त्यावर भरवसा ठेवता येत नाही. फोन करणे किंवा समक्ष जाणे हाच खात्रीचा मार्ग उरतो.

कुठे फोन करायचा हे गुन्ह्याच्या दर्जावर ठरते. फक्त दंडाची शिक्षा असलेली प्रकरणे, म्हणजे बहुतेक वाहतुकीची, जस्टिस ऑफ द पीसकडे किंवा गावाच्या म्युनिसिपल कोर्टात असतात. एक वर्षापर्यंत कैदेची शक्यता असलेले किरकोळ गुन्हे साधारणपणे काउंटी क्लर्ककडे आणि गंभीर गुन्हे डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे नोंदलेले असतात. आठ हजारांहून कमी वस्तीच्या काउंटीत या दोन्ही क्लर्कांचे काम एकाच व्यक्तीकडे सोपवता येते, त्यामुळे एका खिडकीवर दोन्ही उत्तरे मिळण्याचा संभव असतो. जस्टिस ऑफ द पीस मात्र एकाच काउंटीत एकाहून अधिक असू शकतात, म्हणून कोणत्या प्रिसिंक्टचे, म्हणजे काउंटीतल्या कोणत्या उपविभागाचे, कोर्ट ते दंडाच्या कागदावर आधी वाचावे.

मराठी माणसाच्या बाबतीत शोध बिनसतो तो बहुधा नावापाशी. आपल्या लायसन्सवर मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे असते, आणि घाईत लिहिणारा अधिकारी तेच आडनाव समजून बसतो. लग्नानंतर बदललेले नाव एका नोंदीत असते आणि दुसरीत नसते. पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांच्या नावाआधी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिले नाव माहीत नाही) ही तीन अक्षरे चिकटलेली असतात. मी कागदाच्या एका बाजूला नावाचे सगळे शक्य क्रम, आडनावाची दोन-तीन स्पेलिंगे आणि दंडपत्राचा क्रमांक लिहून ठेवायला सांगतो, आणि जन्मतारीख अमेरिकी पद्धतीने महिना आधी ठेवून लिहायला सांगतो, कारण 4 जुलै आणि 7 एप्रिल यांच्या घोटाळ्यात नोंद असूनही ‘सापडत नाही’ असे उत्तर मिळालेले मी पाहिले आहे.

लायसन्सचे नूतनीकरण अडणे म्हणजे वॉरंट असणे नव्हे, हेही लक्षात घ्यावे. टेक्सासच्या वाहतूक संहितेचे 706 वे प्रकरण गैरहजर किंवा दंड न भरलेल्या व्यक्तीचे नूतनीकरण रोखण्याची वेगळी सोय करते, आणि त्यावरून फक्त कोर्टात फाइल पडून आहे एवढेच कळते. एफबीआयचे 1967 पासून चालू असलेले एनसीआयसी आणि राज्याचे टीसीआयसी हे संगणकीय साठे पोलिसांसाठी आहेत; ते आपल्याला उघडता येत नाहीत, आणि लहान काउंटीतले प्रत्येक वॉरंट त्यांत चढवलेले असतेच असेही नाही. ‘अमुक डॉलर भरा, वॉरंट दाखवतो’ म्हणणाऱ्या खासगी संकेतस्थळांची माहिती जुनी असू शकते. आणि ‘तुमच्यावर वॉरंट आहे, आत्ता गिफ्ट कार्डने पैसे भरा’ असा फोन आला तर तो कोर्टाचा नाही, हे विद्यार्थ्यांना मी हात जोडून सांगतो. फोन ठेवावा, काउंटीचा क्रमांक स्वतः शोधावा आणि क्लर्कला विचारावे.

नोंद सापडल्यावरही दोन्हींचे मार्ग वेगळेच राहतात. गैरहजेरीच्या प्रकरणात 2017 च्या सुधारणांनी मोठा आधार दिला आहे: अटकेपूर्वी माणूस आपण होऊन जस्टिस किंवा म्युनिसिपल कोर्टात आला आणि प्रकरण मिटवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, तर न्यायाधीशाने ते वॉरंट मागे घेतले पाहिजे, आणि दंडासाठी केपिअस काढण्याआधी तो भरण्याची ऐपत आहे का याची सुनावणी ठेवली पाहिजे. खऱ्या अटक वॉरंटला असा आधार नाही. तशी शंका असेल तर शेरीफच्या खिडकीवर स्वतः जाऊन विचारू नये, कारण तिथेच अटक होऊ शकते. स्थानिक फौजदारी वकिलाकडून चौकशी करावी आणि जामिनाची तयारी ठेवून हजर होण्याची वेळ ठरवून घ्यावी. जस्टिस कोर्टाचे वॉरंटही राज्यभर बजावता येते, त्यामुळे ह्यूस्टनला राहतो म्हणून पश्चिमेकडचा कागद आपोआप निष्प्रभ होत नाही.

वॉरंट मागे घेतले गेले की क्लर्ककडून शिक्का असलेली आदेशाची प्रत मागून घ्यावी, पोलिसांच्या संगणकातली नोंद काढण्याचा निरोप गेला का ते विचारावे, आणि ती प्रत निदान काही महिने गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावी.