पाठीवरचं तिकाटणं : भटकंतीच्या ट्रायपॉडची पार्श्वभूमी

डोंगरात न्यायला ट्रायपॉड निवडायचा म्हटलं की बोलणं दोन मिनिटांत वजनावर येतं. सव्वा किलो की दोन किलो, ॲल्युमिनियम की कार्बन फायबर, पायाचे तीन भाग की चार. वजनाची ही काळजी मात्र वाटते तितकी जुनी नाही. फोटोग्राफीच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांत तिकाटण्याचं, म्हणजे ट्रायपॉडचं, ओझं बहुतेक वेळा फोटो काढणाऱ्याच्या पाठीवर नसायचंच. ते दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर असायचं, आणि जोवर ते तिथं होतं तोवर हलकं करायची घाई कुणालाच नव्हती.

तीन पायांची युक्ती कॅमेऱ्याहून जुनी. तीन टेकू कितीही खडबडीत जागेवर एकदम टेकतात. चौथा आला की एखादा अधांतरी राहतो. चार पायांचं टेबल डुगडुगतं, तीन दगडांची चूल डुगडुगत नाही. जमीन मोजणाऱ्यांची थिओडोलाइट यंत्रं लाकडी तिकाटण्यांवर उभी राहतच होती. कॅमेऱ्याला तर त्याची गरज पहिल्या दिवसापासून होती. फ्रेंच संशोधक निसेफोर निएप्सने १८२६-२७च्या सुमारास आपल्या खिडकीतून टिपलेल्या दृश्याला किमान आठ तास लागले. १८३९ मध्ये त्याच्याच देशातल्या दागेरची फोटो घ्यायची पद्धत जाहीर झाली आणि तासांची मिनिटं झाली. दागेरने १८३८ मध्ये घेतलेला पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. त्यात बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस आणि त्याचा पॉलिशवाला सोडले तर रस्ता जवळजवळ ओस दिसतो. बाकीचे चालत होते, म्हणून उमटलेच नाहीत. कॅमेराच हलला असता तर इमारतींचीही तीच गत झाली असती.

फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. फोटोवाला आता डोंगरात जाऊ लागला, पण अख्खी प्रयोगशाळा घेऊन. काचेवर रसायन ओतायचं, ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत तिथंच धुवायची. हाताशी जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. म्हणजे काळोखी राहुटी, बाटल्या, पाणी, काचा असा सगळा संसार बरोबर हवा. फोटो मोठा करून छापायची सोय नावापुरतीच, म्हणून जेवढा फोटो हवा तेवढीच मोठी काच, काचेला साजेसा कॅमेरा, आणि कॅमेऱ्याला पेलेल असं तिकाटणं.

कार्लटन वॉटकिन्स १८६१ मध्ये १८ बाय २२ इंचांच्या काचा घेऊन अमेरिकेतल्या योसेमिटीच्या दरीत शिरला तो खेचरांच्या तांड्याच्या भरवशावर. त्याच वर्षी ओग्युस्त-रोझाली बिसन आल्प्समधल्या माँ ब्लाँच्या माथ्यावर पोचला तेव्हा बरोबर २५ हमाल होते, आणि माथ्यावरून त्याने खाली आणल्या त्या तीन काचा. सॅम्युएल बोर्नने १८६६ मध्ये हिमालयात सुमारे १८,६०० फुटांवरच्या मनीरंग खिंडीत फोटो घेतला. इतक्या उंचीवरचा फोटो पुढची वीस वर्षं कुणी काढला नाही. त्याच्याबरोबरही हमालांची रांग होती. फोटोंखाली बिसन आणि बोर्न ही नावं आहेत. तिकाटणं वर चढवणाऱ्यांची नाहीत. एवढ्या लवाजम्यात तिकाटण्याच्या वजनाचा वेगळा हिशेब कोण ठेवणार?

रिचर्ड लीच मॅडॉक्सने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची वाट दाखवली आणि पुढच्या दहा वर्षांत राहुटी आणि बाटल्या घरी राहिल्या. एक्स्पोजर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, सेकंदाच्या अंशावर आलं. १८८८ मध्ये शंभर फोटोंचा रोल भरलेला कोडॅक कॅमेरा लोकांच्या हातात पडला. हातात, हे महत्त्वाचं. ट्रायपॉडशिवाय फोटो निघतो हे पहिल्यांदाच सामान्य माणसाला कळलं.

याच ओझ्यातून एक वेगळीच वाट फुटली, आणि मला ती या सगळ्यात फार आवडते. ऑस्कर बार्नाक हा जर्मन तंत्रज्ञ हौशी भटक्या होता आणि त्याला दमा होता. १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचांचा कॅमेरा आणि त्याचं सामान घेऊन चढ चढणं त्याच्या छातीला झेपेना. सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवर चालणारा खिशातला कॅमेरा त्याने बनवला त्यामागे ही दमछाक होती. १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत तो लायका म्हणून बाजारात आला. ट्रायपॉड हलका करण्याऐवजी बार्नाकने त्याची गरजच काढून टाकली.

पण सगळ्यांना ते परवडणारं नव्हतं. लायकाच्या २४ बाय ३६ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर कड्याची प्रत्येक भेग मावत नाही. १० एप्रिल १९२७ रोजी ॲन्सेल ॲडम्स योसेमिटीतल्या हाफ डोम या प्रचंड खडकासमोरच्या कड्यावर चढला. साडेसहा बाय साडेआठ इंचांचा कॅमेरा, लेन्स, फिल्टर, काचेच्या बारा प्लेट आणि लाकडी ट्रायपॉड असं सुमारे ४० पौंडांचं ओझं होतं, आणि ते त्याच्याच पाठीवर होतं. माथ्यावर पोचेपर्यंत दोनच प्लेट उरल्या. पहिली पिवळ्या फिल्टरने घेतली. मग आकाश हवं तितकं काळं येणार नाही असं वाटून दुसरीसाठी गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर एवढा उजेड खातो की दिवसाढवळ्या पाच सेकंदांचं एक्स्पोजर द्यावं लागलं. पाच सेकंद, वारा, आणि शेवटची प्लेट! भटकंतीच्या ट्रायपॉडचा खरा प्रश्न मला इथं सुरू झालेला दिसतो: वाहणारा तोच, उभा करणारा तोच आणि हललं तर हळहळणाराही तोच.

रंगीत फिल्मने हा प्रश्न आणखी पक्का केला. १९३६ मध्ये ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी कोडाक्रोम आली. तिचा उजेड टिपण्याचा वेग आजच्या आयएसओ या मापाच्या भाषेत जेमतेम १०. भर उन्हात लेन्सचं भोक एफ/१६ इतकं बारीक ठेवलं तर सेकंदाचा दहावा भाग. पहाटेची तर गोष्टच सोडा. १९९० मध्ये आलेली फुजीची व्हेल्व्हिया निसर्गचित्रं काढणाऱ्यांची लाडकी झाली. आयएसओ ५०, आणि अनेकजण ती ४० धरूनच वापरायचे. लहान कॅमेरा हाती असूनही पाठीवर ॲल्युमिनियमच्या नळ्या आल्या त्या या संथ फिल्ममुळे. थंडीत त्या नळ्या हाताला चटका दिल्यासारख्या लागतात. वरच्या नळ्यांना फोम गुंडाळायची चाल त्यातूनच पडली, शिवाय खांद्यालाही आराम.

धंदाही याच काळात बदलला. फ्रान्समध्ये १९१७ मध्ये सुरू झालेली गिट्झो आधी कॅमेरे बनवायची, ट्रायपॉड नंतर आले. इटलीत लिनो मान्फ्रोत्तो स्वतः फोटोग्राफर होता. हाताशी असलेली उपकरणं जड आणि गैरसोयीची वाटली म्हणून तो बनवणाऱ्यांत आला आणि १९७४ मध्ये त्याचा पहिला ट्रायपॉड निघाला. मोठी उडी मात्र १९९४ची: गिट्झोने कार्बन फायबरचे पाय आणले. पाण्याच्या तुलनेत ॲल्युमिनियमची घनता २.७, कार्बन फायबरच्या नळीची साधारण १.६. वजन घटलं, कडकपणा राहिला, कंपनं लवकर विरू लागली, नळी हाताला बर्फासारखी लागेनाशी झाली. उणी बाजू अशी की ॲल्युमिनियम दगडावर आपटलं तर वाकतं, कार्बन तडकतं. आणि किंमत, अर्थातच.

त्यानंतर चढाओढ लागली ती घडीची. पाय उलटे फिरवून हेडच्या, म्हणजे कॅमेरा बसतो त्या डोक्याच्या, भोवती मिटायचे ट्रायपॉड आले आणि दुमडलेली लांबी ४० सेंटिमीटरच्या आसपास उतरली. सॅकच्या बाजूच्या खिशात ट्रायपॉड बसू लागला तो तेव्हा. २०१९ मध्ये पीक डिझाइन या कंपनीने मिटलेल्या पायांमधली पोकळीच काढून टाकणारा ट्रायपॉड लोकवर्गणीतून आणला, कार्बनमध्ये १.२७ किलोचा, आणि त्यावर १.२ कोटी डॉलरहून जास्त रक्कम जमली.

घडी लहान करायची तर पायाचे भाग वाढवावे लागतात, आणि इथं भूमिती आडवी येते. प्रत्येक भाग आधीच्या पोटात शिरतो, म्हणून सर्वांत खालची नळी सर्वांत बारीक. नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास निम्मा केला तर वाकायला होणारा विरोध एक-अष्टमांश होतो. पाच भागांच्या ट्रायपॉडचे शेवटचे दोन भाग पाहिलेत तर करंगळी आठवते. माझा पहिला हलका ट्रायपॉड खोक्यावर ‘आठ किलो पेलतो’ असं छापून आला होता. सव्वा किलोचा कॅमेरा चढवला, पाय पूर्ण उघडले, मधला दांडाही वर काढला आणि कड्यावर उभा केला. पडला नाही. पण दोन सेकंदांच्या फोटोत समोरच्या सुळक्याला दोन-दोन कडा आल्या. पेलणं वेगळं, स्थिर धरणं वेगळं. खोक्यावरचा आकडा पेलण्याचा असतो आणि तोही ज्याचा त्याने ठरवलेला. मोजायची सगळ्यांना बंधनकारक अशी एक रीत नाही. मधला दांडा ही तर स्टुडिओतली सोय. सपाट फरशीवर कॅमेरा चटकन वर-खाली करायला उत्तम. वाऱ्यात तो वर काढला की तीन पायांच्या डोक्यावर एक काठी उभी राहते.

मधल्या काळात कॅमेऱ्यांनीही बार्नाकचीच वाट पुन्हा धरली. १९९५ मध्ये कॅननने एसएलआरसाठी, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांसाठी, हाताची थरथर जिरवणारी पहिली लेन्स आणली. पुढे थरथर जिरवायला कॅमेऱ्यातला फोटो टिपणारा सेन्सरच हलू लागला. २०२० मधल्या एका कॅमेऱ्याचा दावा आठ स्टॉपचा आहे. प्रत्येक स्टॉपला वेळ दुप्पट, म्हणजे हिशेबाने हातात २५६ पट लांब एक्स्पोजर. पहाटेचा कडा आता अनेकदा हातातच निघतो. हातात निघत नाहीत ती वीस सेकंदांची आकाशगंगा, रेशमासारखं ओघळणारं पाणी आणि ज्यात स्वतःलाही उभं राहायचंय असा फोटो. एवढ्यासाठी ट्रायपॉड कशाला वाहायचा म्हणून काहीजण मुठीखाली कॅमेऱ्याचा स्क्रू असलेली चालायची काठी नेतात. आकाशगंगेसाठी तिचा उपयोग शून्य.

या सगळ्यात एक गोष्ट बदलली नाही, तो स्क्रू. पाव इंच व्यास, इंचाला २० आटे; जड सामानासाठी तीन-अष्टमांश इंच, १६ आटे. या मापांचं मूळ जोझेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचवलेल्या आट्यांपर्यंत जातं. घरी कोपऱ्यात एक जुनं लाकडी तिकाटणं आहे, पितळी टोकांचं. आजचा मिररलेस कॅमेरा त्यावर दोन फेऱ्यांत घट्ट बसतो आणि वाऱ्यात तसूभर हलत नाही. डोंगरात मात्र मी ते एकदाही नेलेलं नाही.