तीन देश, तीन ज्योतिषी, एकच कचेरी

१९४१च्या उन्हाळ्यात लुई डी व्होल नावाचा हंगेरियन वंशाचा ज्योतिषी अमेरिकेत फिरत होता. हिटलरचे ग्रह फिरलेत, त्याचा अंत जवळ आलाय, असं तो पत्रकारांना छातीठोकपणे सांगायचा. एकट्या ज्योतिष्याचं भाकीत कोण मनावर घेणार? पण मग कैरोच्या वर्तमानपत्रात तिथल्या एका ज्योतिष्याचं तसंच भाकीत छापून आलं. नायजेरियातल्या एका पुजाऱ्यालाही हिटलरच्या पतनाचा दृष्टान्त झाल्याची बातमी आली. एकमेकांना न ओळखणारी तीन माणसं एकच गोष्ट सांगत होती. वाचणाऱ्याला त्यात तथ्य वाटलं, तर त्याला दोष कसा द्यायचा?

ही सगळी भाकितं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधल्या एकाच कचेरीतून घडवून आणलेली होती. बाहेर सांगायला ते ब्रिटिश पासपोर्ट नियंत्रण कार्यालय होतं, आत काम चालायचं ब्रिटिश हेरखात्याचं. प्रमुख होता विल्यम स्टीफन्सन हा कॅनडाचा उद्योगपती. तो जून १९४०मध्ये तिथे रुजू झाला, तेव्हा फ्रान्स कोसळत होता आणि ब्रिटनला अमेरिकेची मदत हवी होती. हिंदुस्थानला व्हाइसरॉयनं कुणालाही न विचारता युद्धात ढकललं होतं. अमेरिकेला मात्र राजी करणं भाग होतं. तिथल्या लोकांना पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश प्रचार चांगलाच आठवत होता. युद्धात पडू नये म्हणणाऱ्या 'अमेरिका फर्स्ट' समितीचे सुमारे आठ लाख सभासद झाले होते आणि वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग तिच्या सभा गाजवत होता. ब्रिटननं उघडपणे काही सांगितलं असतं, तर लोकांनी कान बंद केले असते.

म्हणून बोलणारं तोंड बदललं. एका अमेरिकी वृत्तसंस्थेला या कचेरीनं गुपचूप पैसे पुरवले. बॉस्टनच्या एका लघुलहरी रेडिओ केंद्रावरून सोयीच्या बातम्या जाऊ लागल्या. मोठ्या अधिवेशनांत जनमत चाचण्या घेतल्या जायच्या आणि निकाल हवा तसाच लागेल याची तजवीज आधीच केलेली असायची. २७ ऑक्टोबर १९४१ला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी भाषणात सांगितलं, की दक्षिण अमेरिकेची पाच मांडलिक राज्यांत वाटणी दाखवणारा नाझींचा गुप्त नकाशा आपल्या हाती आला आहे. तो नकाशा ब्रिटिशांनीच बनवला होता, असं आज बहुतेक इतिहासकार मानतात. जर्मनीही गप्प नव्हतीच. तिचा प्रचारक जॉर्ज व्हिएरेक यानं अमेरिकी खासदारांच्या मोफत टपालाच्या सवलतीचा फायदा उठवून युद्धविरोधी भाषणं घरोघर पोचवली. पाकिटावर नाव खासदाराचं आणि मागचा पैसा बर्लिनचा!

हे डाव का चालतात, याचा शोध मानसशास्त्रज्ञांनी पुढे घेतला. १९५१मध्ये येल विद्यापीठातल्या कार्ल हॉवलँड आणि वॉल्टर वाइस यांनी विद्यार्थ्यांना काही लेख वाचायला दिले. त्यातला एक अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी शक्य आहे का, याबद्दलचा होता. काहींना तो शास्त्रज्ञ ओपनहायमर यांचा म्हणून सांगितला, काहींना 'प्रावदा' या रशियन वर्तमानपत्राचा म्हणून. वाचल्याबरोबर अर्थातच भरवशाच्या नावाचा प्रभाव जास्त पडला. चार आठवड्यांनी मात्र तो फरक जवळपास पुसला गेला. मजकूर डोक्यात राहिला, तो कुणी सांगितला हे त्यापासून सुटं झालं. व्होलचं भाकीत ऐकताना नाक मुरडणाऱ्याच्या डोक्यातही महिन्याभरानं 'हिटलरचे दिवस भरलेत' एवढंच उरणं शक्य होतं.

२०१९चा येलमधलाच एक प्रयोग तर थेट कैरो-नायजेरियाच्या युक्तीलाच भिडतो. जपानच्या अर्थव्यवस्थेबद्दलचे लेख वाचायला दिले होते. एका गटाच्या लेखांना वेगवेगळ्या मूळ स्रोतांचा आधार होता, दुसऱ्या गटाचे सगळे लेख फिरून एकाच स्रोताकडे जात होते. दोन्ही गटांचा विश्वास जवळजवळ सारखाच बसला. आवाज किती आहेत हे आपण मोजतो, ते कुठून निघाले हे मोजत नाही.

या मोहिमेनं अमेरिकेचं मत किती वळवलं, हे मात्र वेगळं काढता येत नाही. इतिहासात तुलनेसाठी दुसरी अमेरिका नसते. फ्रान्सचा पाडाव आणि लंडनवरचे बॉम्ब लोक रोज वाचत होते, आणि माझ्या मते मतं हलली ती मुख्यतः त्यामुळे. शेवटी ७ डिसेंबरला जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि चार दिवसांनी हिटलरनं स्वतःच अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं.

हिटलरविरुद्ध उभं राहणं न्याय्यच होतं. पण तो निर्णय ज्यांनी घ्यायचा, त्यांनाच फसवलं गेलं, हे मला फार खटकतं. कचेरीनं आपल्या कामगिरीचा इतिहास १९४५मध्ये लिहून घेतला आणि मोजक्याच प्रती काढून कुलपात ठेवला. तो पूर्ण छापून सर्वांसाठी खुला झाला १९९८मध्ये, १९४१च्या मतदारांपैकी बहुतेक जण हयात नसताना.