कोकण किनाऱ्यावरील सेवाभावी प्रतिष्ठाने

कोकण किनाऱ्यावरील सेवाभावी प्रतिष्ठाने : नफा वाटून न घेता, देणग्या आणि अनुदानांवर स्त्रियांचे व तरुणांचे शिक्षण, आरोग्य आणि रोजगार यांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्था. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पट्ट्यात त्या प्रतिष्ठान, ट्रस्ट, मंडळ, केंद्र, आश्रम अशा नाना नावांनी चालतात. वाडीत मात्र यातले एकही नाव कुणाच्या तोंडी नसते. ‘संस्थेच्या ताई आल्या’ एवढीच ओळख असते, आणि ती ताई पुढच्या महिन्यात परत येते की नाही यावर संस्थेची किंमत ठरते.

पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात १,०३६. राज्याची सरासरी तेव्हा ९२९ होती. इथे मुली जास्त जन्मतात असे नाही, पुरुष गावात नसतात. गिरण्यांच्या काळापासून कोकणी पुरुष मुंबईला जाऊन चाकरमानी झाला आणि गणपतीला, शिमग्याला घरी येऊ लागला. मागे राहिलेल्या बाईने भात लावले, गुरे सांभाळली, सासूसासऱ्यांची दुखणी काढली आणि पोस्टमनची वाट पाहिली. सातबारा बहुतेक घरांत सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावरच राहिला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप चिघळत गेला, तशा घरोघरच्या मनीऑर्डरी आटल्या. घर तर बाई आधीपासून चालवत होतीच, आता रोख पैसाही तिलाच उभा करावा लागला.

दुसरी गोष्ट भूगोलाची. कोकणातले गाव म्हणजे डोंगरउतारावर आणि खाडीकाठी विखुरलेल्या वाड्या. शाळा एका वाडीत, आरोग्य उपकेंद्र दुसऱ्या, बँक तर तालुक्याच्या गावी. पावसाळ्यात ओढ्यावरचा साकव, म्हणजे पायवाटेचा छोटा पूल, पाण्याखाली गेला की हे सगळेच लांब पडते. शिक्षण, आरोग्य आणि रोजगार ही तीन कामे अहवालात तीन वेगळ्या रकान्यांत लिहिली जातात, पण वाडीवर तिन्ही कामे एकाच बाईच्या एकाच दिवसात बसवायची असतात. पहाटे पाणी, मग चूल, मग गुरे, मग शेत. त्यातून तिच्याकडे उरतो तास-दीड तास. जी संस्था बैठक सकाळी अकराला ठेवते तिच्याकडे कुणी फिरकत नाही.

उगम

परदेशी मदत किंवा कंपन्यांचा निधी येण्याच्या कितीतरी आधी कोकणात स्वतःची अशी एक रीत होती. गिरणगावात एकेका गावच्या लोकांची गावकीची खोली असे. त्या खोलीतल्या मंडळाने वर्गणी काढावी आणि गावात शाळेची इमारत, विहीर नाहीतर देवळाचे छप्पर करावे. दापोली तालुक्यातल्या मुरूडचा ‘मुरूड फंड’ याच जातकुळीचा. त्यामागे होते धोंडो केशव कर्वे. १८९३ मध्ये त्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केले, तेव्हा त्याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ चा अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ चे महिला विद्यापीठ पुण्यात उभे राहिले. कोकणातल्या मुलींपर्यंत ते काम पोचायला मोठा काळ जावा लागला. आज कर्व्यांच्या संस्थेचे मुलींसाठीचे महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावात आहे.

उत्तरेकडे, डहाणू तालुक्यातल्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. त्यातून अंगणवाडी आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही चालवली. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. आपल्या किनाऱ्याने देशाला दिलेल्या गोष्टींत हापूसच्या बरोबरीने या शब्दाचे नाव घेतले पाहिजे.

‘कोकण गांधी’ म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापन केला. सफाई, सोपे संडास, शेणापासून गॅस, मेलेल्या जनावरांचे कातडे कमावणे ही कामे तिथे जात न पाहता केली गेली. देवरूखला इंदिराबाई हळबे, सगळ्यांच्या मावशी, यांनी १९५४ मध्ये दोन खाटांच्या प्रसूतिगृहापासून मातृमंदिर उभे केले. बाळंतपणात बाई दगावणे तेव्हा नेहमीचे होते. त्या दोन खाटांभोवती पुढे रुग्णालय वाढले, निराधार मुलींसाठी ‘गोकुळ’ आले, शेतीचे आणि गावविकासाचे काम आले. मावशींनी हे सारे आराखड्याने केले नाही, एकेक गरज दारात येत गेली तशी त्या हात घालत गेल्या. कोकणातल्या चांगल्या संस्थांची वाढ पाहिली तर बहुतेक वेळा हाच क्रम दिसतो. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या युसुफ मेहेरअली सेंटरचे पनवेलजवळच्या तारा गावातले आरोग्य आणि ग्रामोद्योगाचे कामही याच परंपरेतले. चिपळूण तालुक्यात डेरवणला विश्वस्त संस्थेने चालवलेले वालावलकर रुग्णालय आहे आणि पुढे तिथे वैद्यकीय महाविद्यालयही आले.

कायदेशीर रूप

अशी संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली किंवा कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खाली नोंदवता येते. पहिल्या प्रकारच्या संस्थांना महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद करावी लागते आणि दर वर्षी लेखापरीक्षित हिशोब द्यावे लागतात. देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून प्राप्तिकराच्या वेगळ्या मान्यता लागतात, आणि परदेशी देणगीसाठी २०१० च्या परकीय अंशदान (विनियमन) कायद्याखालची परवानगी लागते.

शिक्षण

कोकणाचा प्रश्न साक्षरतेचा कमी आणि दहावीनंतरचा जास्त आहे. २०१२ पासून कोकण विभागीय मंडळ वेगळी परीक्षा घेऊ लागले आणि तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात ते राज्यात सातत्याने पहिले येत आहे. पण निकालानंतर काय? विज्ञान शाखा तालुक्याला, वसतिगृह जिल्ह्याला. एसटीत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, पण पास असला तरी गाडी हवी. सकाळची एक आणि संध्याकाळची एक, त्यातली संध्याकाळची चुकली की अंधारात चार किलोमीटर रानवाट. मुलीचे कॉलेज सुटते ते बहुतेक वेळा अशा एखाद्या संध्याकाळी, नापास होऊन नव्हे. म्हणून तालुक्याच्या गावी भाड्याच्या घरात दहा-बारा मुलींची राहण्याची सोय करणे, वर एक प्रेमळ पण कडक बाई ठेवणे, हे काम शिष्यवृत्तीच्या मोठ्या धनादेशापेक्षा जास्त मुली शिकवते. ज्या संस्थांनी हे ओळखले त्यांच्याकडे परिचारिका, शिक्षिका, तलाठी झालेल्या मुली परत भेटायला येतात.

मुलग्यांची अडचण वेगळी. शिक्षण म्हणजे गाव सोडण्याचे तिकीट, अशी समजूत तीन पिढ्यांची आहे. सावंतवाडी, दोडामार्गकडची पोरे रोज मोटारसायकलवर गोव्यात कामाला जातात. होडीचे इंजिन दुरुस्त करणे, शीतगृह चालवणे, कलम बांधणे, पर्यटकांना किल्ला समजावून सांगणे ही गावात पोट भरणारी कौशल्ये आहेत, आणि तरुणांसाठीच्या वर्गांत ती संगणकाच्या बरोबरीने शिकवली गेली पाहिजेत. दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय हाताशी आहेत. संस्थांनी त्यांच्याशी जोडून घेतले तर शिकवणारे बाहेरून आणावे लागत नाहीत.

आरोग्य

कोकणी बाई दुखणे अंगावर काढते. पाय सुजले, धाप लागली, महिनोन्‌महिने अंगावरून जात राहिले, तरी ‘होईल बरे’ म्हणून कामाला लागते. रक्तक्षय हा तिचा सोबतीच. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रातून फुकट मिळतात, पण उपाशीपोटी घेतल्या की मळमळते, आणि वर लगेच चहा झाला की लोह अंगी लागत नाही. मग गोळ्यांची पाकिटे फडताळात पडून राहतात. जेवणानंतर घे, वर लिंबू-आवळा खा, तासभर चहा नको, एवढे सांगायला डॉक्टर लागत नाही, ओळखीची बाई लागते. एका दिवसाच्या शिबिराने हे होत नाही. शिबिरात दोनशे बायकांचे रक्त तपासले असा अहवाल होतो. तीन महिन्यांनी त्यातल्या किती जणींचे पुन्हा तपासले, हे विचारले पाहिजे.

लावणीच्या दिवसांत चिखलात तासन्‌तास उभे राहिल्याने पायाच्या भेगांतून लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू शिरतो. काजूबागांच्या दोडामार्ग भागात २०१६ पासून गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले. तिथे गोचिडीपासून जपायला शिकवणे हे आरोग्यशिक्षणाचे काम झाले.

उपजीविका

या कामाचा पाया बचत गट. नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये गट आणि बँक यांची सांगड घातली. महाराष्ट्रात १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासूनचे ‘उमेद’ अभियान यांनी गट गावोगावी नेले. दहा ते वीस बायका, ठरलेला वार, ठरलेली रक्कम, आतल्या आत कर्ज, वेळेवर फेड, वहीत हिशोब. किनाऱ्यावर या वहीचा खरा कस लागतो तो १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात. होड्या शाकारलेल्या, मासळी नाही, त्यात शाळा सुरू झालेल्या. पूर्वी याच दोन महिन्यांत मासे विकणारी बाई दलालाकडून उचल घेई आणि पुढचा हंगाम त्याच्याच दराने मासळी द्यायला बांधली जाई. गटातून पाच हजार मिळाले की ती गाठ सुटते. रक्कम लहान आहे, पण ऑगस्टमध्ये कुणाला विकायचे हे तिचे ती ठरवू शकते.

प्रक्रिया उद्योगाचे उदाहरण म्हणून रातांब्याकडे, म्हणजे कोकमाकडे, बारकाईने पाहावे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फळ एप्रिल-मे महिन्यात पिकते. बायका ते कापून बी आणि गर बाजूला काढतात, साली उन्हात घालतात. गराच्या रसात मीठ विरघळवून त्यात साली बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. असे तीन ते पाच वेळा पुट चढले की काळसर, लवचिक आमसूल होते. बोटे आठवडाभर लाल राहतात, नखांच्या कडा आंबटाने चरचरतात. बियांपासून मुठेल हे घट्ट तेल निघते, तेच थंडीत टाचांच्या भेगांना लावतात. हा सारा खेळ उन्हाचा. वळीव लवकर आला की खळ्यावरचा माल बुरशीने जातो. कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ जात पावसाआधी तयार होते म्हणून तिची कलमे मोलाची. शिवाय कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, बियांपासून लावलेले रोप नर निघाले तर कित्येक वर्षांची राखण फुकट जाते. संस्थेने इथे काय करायचे? शिवणयंत्रे वाटणे सोपे असते. त्याऐवजी कलमे द्यावीत, सौर वाळवणयंत्र सहा गटांत मिळून एक द्यावे, अन्नसुरक्षेची नोंदणी करून द्यावी आणि मुंबईच्या दुकानाशी दर ठरवताना बाईच्या शेजारी बसावे. दर ठरवताना तिने आपली मजुरी धरलेली नसते, बहुतेक वेळा फक्त मिठाचे आणि पिशवीचे पैसे धरलेले असतात.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. २०१५ मध्ये वनविभागाच्या आधाराने स्थापन झालेल्या कांदळवन प्रतिष्ठानाने खाडीकाठी खेकडे, कालवे आणि शोभिवंत माशांची पैदास बायकांच्या आणि तरुणांच्या गटांना शिकवली. झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने सिंधुदुर्गात घरोघर बायोगॅस पोचवला. बायोगॅसला कुणी उपजीविका म्हणणार नाही, पण सरपणासाठी रोज रानात जाणारे दोन तास वाचले, तर गटाच्या बैठकीला येणे जमते.

निधी आणि आपत्ती

१ एप्रिल २०१४ पासून ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यातला काही पैसा कोकणातही येतो. तो वर्षाच्या हिशोबाने येतो आणि मार्चअखेर संपवायचा असतो. मार्च ते मे हा इथे काजू-आंब्याचा हंगाम, तेव्हा प्रशिक्षणाला कुणाला सवड नसते. सवड असते पावसात, तेव्हा मंजुरी आलेली नसते.

आपत्तीत हे जास्त टोचते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगरच्या पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या, बागायती वाड्या आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी २२ जुलैला चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात बुडाले आणि महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली. धान्य, ताडपत्र्या, कपडे यांचे ट्रक लगोलग आले. त्या माणुसकीचे मोल मोठे आहे. पण पोफळीचे नवे रोप फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात आणि मदतीचे प्रकल्प बहुतेक वर्षा-दोन वर्षांत आटोपतात. मधल्या वर्षांत वाडीवाल्या बाईने काय खायचे? जुन्या वाड्यांत पोफळीखाली केळी, पोफळीच्या अंगावर काळी मिरी, सावलीत जायफळ असे. केळीचा घड वर्षभरात हाती येतो, मिरी तीन-चार वर्षांत धरते. रोपांसोबत केळीचे मुनवे (लावायचे कोंब) देणे, शिंपण्याचे पाणी सोडवणे आणि पोफळ धरेपर्यंत वाडीत येत राहणे, हे त्या भागातले पुढचे काम आहे.